किटलीची खबर

माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, माझ्या किटलीशी बोलतो. हे मी रागानं म्हणत नाही, जसं आहे तसं सांगते. कुनिहिको तोक्योच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मोठ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसतो, आणि त्याचे वडील गेले त्या वर्षी त्यानं मला एक पांढरी विजेची किटली आणून दिली. दिवसभर पाणी गरम ठेवते, डोक्यावरचं बटण दाबलं की चोचीतून पाणी येतं, आणि पाणी आलं की तिकडे त्याच्या फोनवर खबर जाते की आईनं पाणी घेतलं. म्हणजे आई आहे. सून सातोमी तेव्हा म्हणाली होती, किती सोय झाली सासूबाई, आता सारखे फोन करून तुम्हाला त्रास द्यायला नको. त्रास म्हणे. आधी तो आठवड्याला फोन करायचा, मग महिन्याला, मग नववर्षाला. तेही मी चालवून घेतलं. पण परवाच्या मंगळवारी त्यानं जे केलं ते माझ्या घशाखाली उतरत नाही. सकाळी घंटा वाजली म्हणून मी दार उघडलं, तर बाहेर निळ्या गणवेशातला एक माणूस हातात पेटी घेऊन कमरेत वाकलेला. आपल्या चिरंजीवांचा फोन आला होता, म्हणाला, कालपासून किटलीकडून काही कळलेलं नाही, तेव्हा किटली तपासायला आलोय. किटली तपासायला. मी भिंतीला टेकून उभी होते, कारण भिंत सोडली असती तर त्याच्या पायांवर पडले असते, पण ते त्याला कसं कळावं. त्यानं बूट काढले, नीट जुळवून ठेवले, स्वयंपाकघरात जाऊन किटलीचं झाकण उघडलं, आत डोकावला, बटण दाबून पाहिलं. मग रीतीप्रमाणं विचारलं, आपण बऱ्या आहात ना आजी? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय, तुमचं यंत्रच सोंगं करतंय. तर तो बिचारा माझीच माफी मागायला लागला. झाकणाचं रबर जुनं झालंय म्हणाला, त्याबद्दल क्षमा असावी, आणि पेटीतून नवी कोरी किटली काढून ओट्यावर ठेवली. हुबेहूब तशीच, फक्त जरा जास्त पांढरी. त्याची पावलं जिना उतरून गेल्यावर मी चपलांच्या पायरीवर बसले. बसले म्हणजे बसावंच लागलं.

कारण आदल्या दिवशी सकाळी मी पडले होते. आमच्याकडे दिवसाचा पहिला चहा देव्हाऱ्यापुढे जातो. माझ्या सासूबाई ठेवायच्या, त्यांच्या सासूबाई ठेवायच्या, आणि आता भिंतीतल्या त्या काळ्या कपाटात यांची नामपट्टी आणि फोटो आहे, तर यांच्यापुढे मी ठेवते. आधी भाताची इवलीशी वाटी, मग चहा. त्या सकाळी भात ठेवून झाला आणि चहासाठी वळले, तर देव्हाऱ्यापुढच्या आसनाच्या कोपऱ्यात पाय अडकला. इतकंच. घर जळलं नाही, भूकंप झाला नाही, एका आसनाचा कोपरा. कुशीवर आपटले आणि तशीच चटईवर राहिले. उठायला गेले की कमरेतून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. तशी मी घाबरणाऱ्यातली नाही. पडल्या पडल्या पहिला विचार आला तो असा की यांचा चहा राहिला. सहा वर्षांत एकदाही राहिला नव्हता. फोटोतून हे माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखे, काही न बोलता. बोलके नव्हतेच. कारखान्यात पत्रे दाबायच्या यंत्रावर आयुष्य काढलं, दोन बोटांची पेरं तिथंच ठेवून आले, आणि घरात सगळ्या जन्मात दोनच शब्द वापरले. जिन्यावरून 'आलो', आणि आत आल्यावर 'चहा'. मी शेजारणींना सांगायची, आमच्याकडे भांडणं होत नाहीत कारण दोन शब्दांत भांडता येत नाही. पण ते दोन शब्द त्यांनी कधी चुकवले नाहीत. संपाच्या दिवसांत डोकं फोडून घेऊन आले तेव्हाही खालून आवाज आला, आलो, आणि मी वरून म्हटलं, या. मग दार उघडल्यावर रक्त दिसलं.

दुपारी तहान लागली. पाठ खाजवायची लाकडी काठी असते ना, टोकाला बोटं कोरलेली, तिला आमच्याकडे नातवाचा हात म्हणतात. ती आसनाजवळच असते. माझी खरी नात कॅनडात आहे, तेव्हा जवळ राहणारं नातवंड म्हणायचं तर हेच. त्या हातानं मी देव्हाऱ्यापुढचं संत्रं ओढून घेतलं. यांच्यापुढचं संत्रं, त्यांना न विचारता. सोलायला जोर नव्हता, दातांनी साल फाडली. वर छत होतं. छताला एक ओलीचा डाग आहे, त्याचा आकार मी इतकी वर्षं कधी पाहिला नव्हता. पडून राहिलं की माणूस खालून वर बघायला लागतं, आणि तेव्हा मला अकिताच्या आमच्या घराचा तुळईला टांगलेला आकडा दिसला, त्याला लटकलेली काळी लोखंडी किटली, खाली चुलखंडातले निखारे. बाहेर बर्फ खिडक्यांच्या वर गेलेलं असायचं, घरात दिवसाही अंधार, आणि ती किटली बारीक आवाजात सतत काहीतरी बोलत असायची. आई म्हणायची, किटली बोलतेय तोवर घर जागं आहे. शेजारी बर्फातून वाट काढत यायचे आणि दाराशी थांबायचे नाहीत, बाहेरूनच मोठ्यानं हाक मारायचे, आहात का हो, आणि सरळ आत. दार म्हणजे एक लाकडी फळी, सरकवली की झालं. तिला कडी होती की नाही हेच मला आठवत नाही. वडील लढाईवरून परत आले नाहीत, तेव्हा गावात सरकारी माणूस आला होता, त्यानंसुद्धा आधी बाहेरून हाक मारली. मग आत येऊन वाकला, आणि पांढऱ्या कापडातली पेटी ठेवली. पेटीत अस्थींच्या जागी एक दगड होता. तो दगड आईनं वडील म्हणून पुरला.

शाळेचं म्हणाल तर माझी शाळा शाईत गेली. ज्या वर्षी शाळेत घातली त्याच वर्षी लढाई हरलो. उन्हाळ्यापर्यंत आम्ही पोरं डोंगरावर पाइनची मुळं खणत होतो, त्यातून विमानांचं तेल निघतं म्हणे. मग पानगळीत मास्तरांनी ब्रश दिले आणि सांगितलं, पुस्तकातल्या या ओळी काळ्या करा, आणि या, आणि हे पानच्या पान. मी मोठ्या मुश्किलीनं जेवढी अक्षरं ओळखायला शिकले होते, नेमकी तीच माझ्याच हातानं पुसली. मास्तर तेच, आवाज तोच, उन्हाळ्यात जे ओरडून घोकून घेतलं ते आता खोटं. तेव्हापासून कागदावरच्या गोष्टींचा मला मोठासा धाक वाटत नाही. पुढे पंधराव्या वर्षी आम्हाला रात्रगाडीत भरलं, गावागावांतली पोरंपोरी, छातीवर नावाची पट्टी, पुढे झेंडा धरलेले मास्तर, आणि सकाळी तोक्योच्या उएनो स्थानकावर उतरवलं. तिथं कारखान्यांचे लोक उभे होते. आम्हाला सोन्याची अंडी म्हणायचे. अंड्यांना विचारत नाही कुणी, कुठल्या टोपलीत बसता म्हणून. मला पत्र्याची खेळणी बनवणाऱ्याकडे नेलं, आणि मी अमेरिकेला जाणाऱ्या पत्र्याच्या कुत्र्यांचे डोळे रंगवायला लागले. दिवसभर डोळे. पांढरा ठिपका, काळा ठिपका, आणि काळ्यात परत एक बारीक पांढरा, तो घातला की कुत्रं बघायला लागायचं. तोंड उघडलं की मुली माझ्या अकिताच्या बोलीला हसायच्या, म्हणून मी बोलणंच सोडलं. वर्षभर मी पत्र्याच्या कुत्र्यांखेरीज कुणाकडे सरळ पाहिलं नसेल. यांनी मला पसंत केलं ते त्यामुळेच असावं. त्यांना वाटलं, बरी आहे, गप्प आहे. लग्नानंतर त्यांचा गैरसमज दूर झाला.

चटईवर पडल्या पडल्या हे सगळं आलं, क्रमानं नाही, जसं आलं तसं. ऊन खिडकीतून आत आलं, भिंतीवर चढलं, गेलं. मी ओरडू शकले असते. पण कुणाला? आम्ही इथं राहायला आलो तेव्हा या जिन्यावर दहा बिऱ्हाडं होती, आता तीन दिवे लागतात, आणि त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. शिवाय हे दार. या दाराचं मला किती कौतुक होतं. त्याआधी आम्ही चाळीत राहायचो, भिंती अशा की शेजारचा माणूस कुशीवर वळला की आम्हाला कळायचं, सासूबाई पडद्यापलीकडे, संडास सगळ्यांचा एक. मग सोडतीत यांचा नंबर लागला. नवी सरकारी वसाहत, चौथा मजला, चकचकीत स्टीलचं सिंक, साखळी ओढली की पाणी येणारा संडास, आणि लोखंडी दार. किल्ली फिरवली की आख्खं जग बाहेर. पहिल्या दिवशी मी ते दार उगाचच पुन्हा पुन्हा लावून उघडून पाहिलं. धाडकन आवाज व्हायचा. हे म्हणाले नाहीत काही, पण किल्ली खिशात घालून त्यावर हात ठेवून बसले. कुनिहिको तेव्हा पोटात होता. तो या दाराच्या आत जन्मला असं म्हटलं तरी चालेल. धुण्याचं यंत्र आलं, टीव्ही आला, फ्रीज आला, चौथ्या मजल्यावर चढवताना माणसांना घाम फुटायचा आणि आजूबाजूच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. तेव्हा दारं लोखंडाची असली तरी दिवसा उघडी असायची. आणि संध्याकाळी जिना पोरांनी भरायचा. ज्याचं त्याचं पोर खालच्या दाराशी आलं की तिथूनच ओरडायचं, आई, आलो. सगळ्या मजल्यांवरून आया उत्तर द्यायच्या, ये, आणि गंमत म्हणजे एकीचीही चूक व्हायची नाही. कुनिहिकोचा आवाज तर असा की दुसऱ्या इमारतीतला कुत्रा भुंकायचा. पहिल्या मजल्यावरून सुरू करायचा आणि चौथ्यापर्यंत ओरडतच यायचा. मी ये म्हटलं तरी थांबायचा नाही. मी म्हणायची, अरे मेल्या, ऐकलं, सगळ्या तोक्योनं ऐकलं. डावा पाय घासत चालायची खोड होती त्याला, हाक आणि ती फरफट, दोन्ही एकदम वर यायचं.

ओरडले नाही याला आणखी एक कारण होतं, ते सांगून टाकते. मागच्या वेळी कुनिहिको आला होता तेव्हा एक रंगीत पुस्तिका घेऊन आला होता. म्हाताऱ्यांचं घर. गुळगुळीत कागदावर फोटो, एकसारखे स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्या कागदाचे पक्षी घडी घालताहेत आणि एक तरुण मुलगी टाळ्या वाजवतेय. तो म्हणाला, नुसतं बघून ठेव आई, घाई नाही. काही झालं तर मग मात्र विचार करावा लागेल. काही झालं तर. म्हणजे मी पडले तर. मी त्या पुस्तिकेत मासे गुंडाळून कचऱ्यात टाकले, पण ते वाक्य घरात राहिलं. मी कुणाच्या टाळ्यांवर घास गिळायला या शहरात आले नाही. आणि यांना कुठं नेणार? तिथं खोलीत देव्हारा ठेवता येत नाही, उदबत्तीची मनाई आहे, हे मी त्या पुस्तिकेत बोट ठेवून ठेवून वाचलं होतं. जेवढं वाचायचं तेवढं मला वाचता येतं. तेव्हा पडले ते गुपचूप पडायचं होतं आणि उठले ते गुपचूप उठायचं होतं. सकाळपर्यंत कमरेनं थोडी वाट दिली. मी सरपटत भिंतीपर्यंत आले, भिंतीला धरून उभी राहिले, आणि तेवढ्यात घंटा वाजली. तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझ्या मनात एकच आलं की तो आला. किटली गप्प झाली आणि तो उठून आला. पडल्याचं त्याला सांगायचं नाही हेही ठरलेलं होतं, आणि तो आला याचा आनंदही होत होता, दोन्ही एकदम. दार उघडेपर्यंत मी केससुद्धा सारखे केले.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. नवी किटली चालते ना, म्हणाला. मी म्हटलं, चालते. तो म्हणाला, बरं झालं, मला उगाच काळजी वाटली. मी विचारलं, कशाची? मागं कुणीतरी बोलत होतं, गाड्यांचा आवाज होता. म्हणाला, हेच, किटलीची. मग थंडी वाढतेय, गळ्याभोवती काहीतरी घेत जा, असं म्हणाला आणि ठेवला. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. माझं पोर वाईट नाही. लहानपणी पत्र्याचं एक सदोष कुत्रं मी त्याला आणून दिलं होतं, एका डोळ्यात पांढरा ठिपका नसलेलं, तर ते त्यानं कितीतरी वर्षं उशाशी ठेवलं. आम्ही त्याला विद्यापीठात घातलं, आमच्या दोन्ही घराण्यांत तो पहिला. परीक्षेच्या दिवसांत मी त्याच्या खोलीबाहेर चहा ठेवून पाय न वाजवता परत यायची. तोंडातून शब्द काढायची नाही, त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून. मग जमिनींचे भाव चढले तेव्हा तो घरी यायचा ते कपडे बदलायला, आणि भाव पडले तेव्हा त्याच्या कंपनीतली अर्धी माणसं गेली, हा राहिला, पण राहिला म्हणजे काय, डोळ्यांतला तो बारीक ठिपका गेला. हे मी बघत होते. विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत. सगळे एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून इतकं जपतात की शेवटी कुणी कुणाच्या घराची घंटा वाजवत नाही, आणि वाजवली तर बाहेर निळ्या गणवेशातला माणूस असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी किटली मी कापडात बांधली, गाठ मारली आणि कपाटात गाद्यांखाली ठेवली. जुनी अ‍ॅल्युमिनियमची काढली, बूड काळं झालेली, गॅसवर ठेवली, तिचं बोलणं ऐकलं. यांचा चहा केला. देव्हाऱ्यापुढे बसायला कमर वाकत नव्हती म्हणून उभ्यानंच ठेवला आणि माफी मागितली. आणि तेव्हा, चहाची वाफ यांच्या फोटोपुढं वर जाताना पाहून, मला ते लक्षात आलं. इतकी वर्षं रोज डोळ्यांपुढे होतं, पण लक्षात आलं नव्हतं. मी स्वतः गरम चहा सोडून केवढा काळ झाला. पोट जळतं म्हणून मी सातूचं थंड पाणी पिते, बाटलीत भरून ठेवलेलं. दिवसभरात त्या पांढऱ्या किटलीचं बटण मी एकदाच दाबायची, सकाळी, यांच्यासाठी. कुनिहिकोच्या फोनवर रोज जी खबर जात होती ती माझी नव्हतीच. वडिलांनी चहा घेतला, अशी होती. मेलेला माणूस रोज सकाळी चहा पितो आणि तिकडे मुलगा निर्धास्त होऊन कामाला जातो. मला हसू आलं. कमरेत कळ येईपर्यंत हसले, आणि मग हसणं थांबल्यावर घर फार मोठं वाटलं. दोनच खोल्या आहेत.

मी वाट बघत बसले. आता हे भांडण नव्हतं, मला नुसतं बघायचं होतं. कोणीतरी येईल, तो की परत गणवेश. पहिला दिवस गेला, दुसरा, तिसरा, फोनसुद्धा वाजला नाही. बाजारहाट करायला उतरणं जमण्यासारखं नव्हतं, घरात तांदूळ होते, लोणच्याचे मुळे होते, सुके मासे होते. लढाईनंतर आम्ही याच्या निम्म्यावर वाढलो. दार लावूनच होते, टीव्ही लावला नाही. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की विणकाम मांडीवर ठेवायची आणि कान द्यायची. पावलं खालीच कुठंतरी थांबायची. मला दुसऱ्या मजल्यावरच्या कुवाबारांची आठवण येत राहिली. बस चालवायचे, निवृत्त झाल्यावरही सकाळी टोपी घालून खाली उभे राहायचे. मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या दाराबाहेर वर्तमानपत्रं साठली, आणि मग जिन्यात तो वास आला. वसाहतीचा रखवालदार निशिवाकी किल्ली घेऊन आला. त्यानं दारावर थाप मारून हाक मारली, कुवाबारासाहेब, आहात का हो, आत येऊ का? सगळ्यांना माहीत होतं आत काय आहे, तरी त्यानं थांबून उत्तराची वाट बघितली आणि मग किल्ली फिरवली. कुवाबारांचा भाचा दोन पायऱ्या खाली उभा होता, नाकाला रुमाल. आम्हीही सगळे, मीसुद्धा, नाकाला रुमाल लावून उभे होतो. आत टीव्ही चालूच होता, कुणीतरी गाणं म्हणत होतं.

रविवारी, ऊन चटईच्या मध्यावर आलं होतं, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसांची. एकाच्या रबरी चपला, म्हणजे निशिवाकी. दुसऱ्याचा डावा पाय घासत होता. मी ताडकन उठले, म्हणजे तसं मनानं उठले, अंगानं भिंत धरून धरून. पहिला मजला, दुसरा. दुसऱ्यावर ती पावलं जरा थांबली, मग परत चढली. मी दारापाशी आले. दाराला काचेचा डोळा आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. मी त्याला डोळा लावला. वेडंवाकडं, फुगलेलं दिसतं त्यातून. निशिवाकी पुढे होता, हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि दोन पायऱ्या खाली, कठड्याला धरून, माझा कुनिहिको. केस किती पांढरे झाले होते. काळा कोट, बटणं लावलेली, रविवार असून. आणि दुसऱ्या हातात रुमाल, घडी घातलेला, नाकाला लावलेला. माझ्या दाराला कसला वास येणार होता? सकाळी मी सुके मासे भाजले होते.

मी उघडलं नाही. हात कडीवर होता. मला एकच ऐकायचं होतं. तो एवढं चढून आला होता, आता त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं. लहानपणी जे दिवसातून दहादा केलं ते एकदा. मी आत श्वास धरून उभी होते. मी 'ये' म्हणायला तयार होते, तो शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. त्याच्या मनात काय चाललं होतं मला काय माहीत, त्या काचेतून मन दिसत नाही, पण त्याचे खांदे वर आलेले होते, थंडीत पोरं उभी राहतात तसे, आणि तो दाराकडे बघत नव्हता, पायरीकडे बघत होता. निशिवाकीनं थाप मारली. इवासेबाई, आहात का हो, म्हणाला. थांबला. परत म्हणाला, इवासेबाई, चिरंजीव आलेत, आत येऊ का? परत थांबला, मागं वळून कुनिहिकोकडे पाहिलं, जणू म्हणत होता की आता तुम्ही मारा हाक. कुनिहिकोनं नाही म्हणून मान हलवली. उघडा, म्हणाला. किल्ली कुलपात शिरल्याचा आवाज मी लोखंडातून हातावर ऐकला, आणि ती फिरायच्या आत मी दार आतून उघडलं.

निशिवाकी दचकला आणि मग इतका वाकला की किल्ल्या खाली पडल्या. माफी मागत मागत उतरूनही गेला, शहाणा माणूस. कुनिहिको तिथंच उभा. रुमाल त्यानं खिशात घातला, पण चुकीच्या खिशात, अर्धा बाहेर लोंबत राहिला. म्हणाला, परत किटली बिघडली वाटतं. मी म्हटलं, बूट काढ, आत ये. माझं भिंत धरून चालणं त्यानं पाहिलं. काही विचारलं नाही, पण पाहिलं, आणि मला कळलं की आता ती पुस्तिका परत येणार, दुसरी प्रत. येऊ दे. तो देव्हाऱ्यापुढच्या त्याच आसनावर बसला. मी गॅसवरची किटली उतरवली, चहा केला, पहिला पेला ओतून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उचलला, दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली आणि ओठांना लावला. मागं, त्याच्या डोक्याच्या अगदी वर, यांचा फोटो होता.

"तो तुझ्या वडिलांचा आहे," मी म्हटलं.

त्यानं पेला खाली ठेवला, मग परत उचलला, कुठं ठेवायचा ते त्याला कळेना. मी बोट दाखवलं तिथं त्यानं तो ठेवला. थोडा चहा सांडला, त्यानं तो अर्धवट लोंबणारा रुमाल काढून पुसला.

"रोज सकाळी तुला जी खबर यायची ना, ती ह्यांनी चहा घेतल्याची," मी म्हटलं. "मी चहा पीत नाही. कधीचा सोडलाय. तू रोज ह्यांची खुशाली कळवून घेत होतास."

त्यानं ओल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, आई, मला जिन्यावर पाय उचलेना. दुसऱ्या मजल्यावर थांबलो होतो. मी म्हटलं, ऐकलं मी. तो म्हणाला, घाबरलो होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि ते शब्द त्या आवाजात म्हणाला, ज्या आवाजात लहानपणी कुत्र्याच्या डोळ्यातला ठिपका सापडत नाही म्हणून सांगायला यायचा. पण त्याची कीव आली म्हणून जे सांगायचं ते गिळून टाकायचं, हे आयुष्यभर मी केलंय, यांनी केलंय, आणि हा करतोय. मी त्याच्यासमोर बसले, कमरेची कळ सोसून, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्याला माझ्याकडे बघायला लावलं.

"मी पडले होते, म्हणून किटली गप्प होती. ते घर बघायचं की नाही ते आपण बसून बोलू, मी नाही म्हणेन, तू ओरडशील, चालेल. पण एक ऐक, कुनिहिको. तू माझ्या दारात आलास आणि नाकाला रुमाल लावलास, पण हाक मारली नाहीस. हाक त्या निशिवाकीनं मारली. तेवढं चुकलं तुझं. बाकी काही नाही. पुढच्या वेळी खालून, पहिल्या मजल्यापासून, आई, आलो, म्हणून ओरडत ये. मी मेले असले तरी ओरडत ये."